ऑटो ट्रेन दहा-बारा तास लेट झाली तर? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑटो ट्रेनबद्दल, म्हणजे अमेरिकेत प्रवाशांसोबत त्यांची कारही नेणाऱ्या ट्रेनबद्दल, कुणी विचारलं की प्रश्न ठरलेले असतात, तिकीट केवढ्याला पडतं आणि झोपायची खोली घ्यावी का नुसती सीट चालेल. लेट झाली तर काय करायचं हे कुणीच विचारत नाही, आणि ज्या दिवशी ते विचारायची वेळ येते त्या दिवशी आपण साउथ कॅरोलायनातल्या कुठल्यातरी झाडीत उभे असतो आणि कार मागच्या डब्यात कुलूपबंद असते. म्हणून आधीच लिहून ठेवतोय. (गाडी म्हटलं की ट्रेन का कार हा घोळ होतो म्हणून या लेखात ट्रेनला ट्रेन आणि कारला कारच म्हणतो.)

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. वॉशिंग्टन डीसीच्या दक्षिणेला लॉर्टन, व्हर्जिनिया, आणि ऑर्लँडोच्या उत्तरेला सॅनफर्ड, फ्लोरिडा, या दोन टोकांमधे ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीची ही ट्रेन रोज दोन्हीकडून संध्याकाळी ५ ला सुटते. ८५५ मैल. तुम्ही डबल डेकर डब्यात बसता, कार मागच्या बंदिस्त डब्यांमधून येते. मधे प्रवाशांसाठी एकही स्टेशन नाही, मध्यरात्रीच्या आसपास फ्लॉरेन्स, साउथ कॅरोलायना इथे थांबते पण ते ड्रायव्हर-कंडक्टर बदलायला आणि डिझेल-पाणी भरायला. सगळं सुरळीत असेल तर सकाळी १० च्या सुमाराला पोचते म्हणजे साधारण सतरा तास, कधीकधी वेळेच्या आधीपण पोचते. आपल्या कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी कार नेणारी रो-रो काढली तेव्हा बऱ्याच जणांना हे नवीन वाटलं, इथे हा प्रकार १९७१ पासून आहे, आधी एका खासगी कंपनीने चालवली, ती १९८१ ला बुडाली, मग १९८३ पासून ॲमट्रॅककडे आली.

आता यात आणि साध्या ट्रेनमधे फरक काय ते लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साधी ट्रेन फारच लेट झाली तर माणूस वैतागून पुढच्या स्टेशनला उतरतो आणि उबर नाहीतर बस बघतो. इथे तो मार्गच नाही. कार उतरवायचे रॅम्प फक्त लॉर्टन आणि सॅनफर्डला आहेत, मधे कुठेही कार काढता येत नाही, आणि कार सोडून तुम्ही जाणार कुठे. थोडक्यात किल्ली दिली की तुम्ही अडकलात. म्हणून डोकं चालवायचं ते किल्ली द्यायच्या आधी.

पायरी १: आदल्या रात्रीपासून उलट्या दिशेची ट्रेन बघत राहा

हे नव्या लोकांना कुणी सांगत नाही आणि सगळ्यात कामाचं हेच आहे. दक्षिणेला जाणाऱ्या ट्रेनचा नंबर ५३, उत्तरेला येणाऱ्याचा ५२. या सेवेला डब्यांचे मुळात दोन संच, एक इकडून निघतो एक तिकडून, सकाळी पोचतात, रिकामे होतात, धुतात-पुसतात, पाणी आणि खाणं भरतात, नव्या कार चढवतात आणि संध्याकाळी तेच डबे परत निघतात. म्हणजे आज संध्याकाळी लॉर्टनहून जी ५३ सुटणार ती काल सॅनफर्डहून निघालेली ५२ च असते. सकाळी १० ते संध्याकाळी ५ असे सातच तास त्यांच्या हातात असतात, त्यामुळे येणारी ट्रेन दोन तास लेट असली तर कदाचित निभावतं पण ती दुपारी तीनला उगवली तर तुमची पाचला सुटणार नाही हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तर तुम्ही लॉर्टनहून निघणार असाल तर आदल्या रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर ॲमट्रॅकच्या ॲपमधे ५२ कुठे आहे ते बघा, सॅनफर्डहून निघणार असाल तर ५३ बघा. त्यांच्या साइटवर नकाशा पण आहे ज्यात ट्रेन हलताना दिसते. तुमच्या स्वतःच्या ट्रेनचं स्टेटस सकाळी आठला "वेळेवर" दाखवत असतं कारण ती अजून सुटायचीच असते, त्यावर जाऊ नका. बुकिंग करताना मोबाइल नंबर बरोबर दिलाय ना हे बघून घ्या कारण लेट होणार असेल किंवा कार घ्यायची वेळ पुढे गेली असेल तर मेसेज तिथेच येतो. बरेच जण तिकीट नवऱ्याच्या नंबरवर काढतात आणि कार बायको चालवत असते, मेसेज आलेला कुणी बघतच नाही.

आणि फ्लोरिडाच्या दिशेला हरिकेन येतंय अशी बातमी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात ट्रेन रद्द होणं यात नवल काही नाही. ट्रेन त्यांनी रद्द केली तर पैसे पूर्ण परत मिळतात, तेव्हा घाईघाईने स्वतःहून रद्द करू नका, आधी फोन करून विचारा.

पायरी २: किल्ली द्यायच्या आधी पाच मिनिटं हिशोब करा

कार घ्यायला साधारण सकाळी साडेअकराला सुरुवात होते आणि दुपारी ३ ला बंद, त्यानंतर आलात तर घेत नाहीत. स्टेशनात शिरलात की माणूस दाराला नंबर असलेली चुंबकाने चिकटणारी पट्टी लावतो, कारचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढतात, तुम्ही उतरता, किल्ली कारमधेच सोडून देता आणि ते लोक ती घेऊन जातात. एकदा ती डब्यात चढली की तिच्या पुढे-मागे दुसऱ्या कार लागलेल्या असतात, तुमचं मन बदललं म्हणून कुणी दहा कार हलवून तुमची काढून देणार नाही.

म्हणून त्या रांगेत लागायच्या आधीच, बाहेर थांबून, येणारी ट्रेन किती लेट आहे ते बघा आणि ठरवा. माझा स्वतःचा अंदाज असा की सुटायलाच चारेक तास उशीर असेल तर मी तरीपण जातो, रात्र ट्रेनमधे जाणारच असते, नऊला सुटली काय आणि पाचला सुटली काय. पण जर आधीची ट्रेन अजून दोन राज्यं लांब असेल, किंवा पुढे कुठेतरी मालगाडी घसरलीय असं कळत असेल, तर गप कार वळवून आय-९५ हायवेला लागावं. साधारण आठशे मैल आहे, न थांबता बारा-तेरा तास, पण एका दमात करू नका, मधे मुक्काम करा, गंमत म्हणजे जवळपास अर्ध्यावर येतं ते फ्लॉरेन्सच, म्हणजे ट्रेनमधे झोपेत जे गाव निघून जातं तिथेच हॉटेलात झोपायचं. दोन ड्रायव्हर असतील तर हा पर्याय खरंच वाईट नाही. एकटेच चालवणारे असाल, सोबत लहान मूल किंवा भारतातून आलेले आईबाबा असतील, तर लेट ट्रेनसुद्धा त्या हायवेपेक्षा बरी असं माझं मत.

त्याच दिवसाचं पुढचं बुकिंग मात्र करूच नका. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हरल बंदरातून क्रूझ दुपारी सुटते आणि ट्रेन सकाळी १० ला पोचते, मधे चार-पाच तास आहेत, होऊन जाईल, असा हिशोब करणारे लोक मला माहीत आहेत. क्रूझ थांबत नाही. मधे एक पूर्ण रात्र ठेवा. डिस्नीची तारीख ठरलेली तिकिटं असतील तर ती पण पोचण्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

पायरी ३: कारमधे काय राहायचं आणि सोबत काय घ्यायचं

प्रवासात कारकडे जायला मिळत नाही, अजिबात नाही, कितीही विनंती केली तरी. नवीन लोक एका रात्रीचं सामान घेऊन चढतात, टूथब्रश आणि एक टीशर्ट. तुम्ही दोन रात्रींचं घ्या.

औषधं सगळ्यात आधी. रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, इनहेलर, जे काय असेल ते तीन दिवसांचं सोबतच्या पिशवीत, आणि बाकीचं पण कारमधे ठेवू नका कारण उन्हात बंद डब्यात ते तापतं. आईबाबांच्या गोळ्या बहुतेक वेळा मोठ्या सूटकेसच्या तळाशी एका स्टीलच्या डब्यात असतात, तो डबा आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा. बाळाचे डायपर आणि दूध, तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट.

खाण्याचं सांगायचं तर, खोली घेतलेल्यांना जेवण तिकिटात असतं, सीटवाल्यांचं फुकट रात्रीचं जेवण २०२० च्या जानेवारीत बंद झालं, त्यांनी कॅफे डब्यातून विकत घ्यायचं. ट्रेन खूप लेट झाली की हा कॅफेच आधी रिकामा होतो, आणि शाकाहारी असाल तर त्याच्याही आधी. फार लेट झाली तर कर्मचारी काहीतरी वाटतात, पण ते मांसाहारी नसेलच याची खात्री नाही. तेव्हा दशम्या, कोरडी चटणी, चिवडा, सुकामेवा, सफरचंद, असं न बिघडणारं काहीतरी दीड दिवस पुरेल एवढं. भात-वरण डब्यात घालून आणू नका, सकाळपर्यंत वास मारतं आणि आजूबाजूचे बघायला लागतात. पाण्याच्या बाटल्या माणशी दोन तरी.

पॉवर बँक भरलेली असू द्या, सीटपाशी प्लग आहेत पण वीज इंजिनातून येते आणि इंजिन बंद पडलं की सगळंच बंद पडतं. एक चादर किंवा शाल, स्वेटर. टॉर्च मोबाइलचा चालतो.

कारच्या बाबतीत: टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या कारण पोचायची वेळ रात्री दोनची झाली तर पंप शोधत फिरायला नको. अलार्म बंद करा. इलेक्ट्रिक कार असेल तर ते कॅमेरे सतत चालू ठेवणारं जे काय फीचर असतं ते बंद, नाहीतर उतरेपर्यंत चार्ज खाली आलेला असतो. जुनी बॅटरी असेल तर जायच्या आधी बदलून घ्या, डॅशकॅमची वायर काढा. आणि किल्लीच्या जुडग्यातून घराची किल्ली वेगळी करा. हे मी माझ्या अनुभवावरून सांगतोय, पहिल्या वेळी अख्खा जुडगा देऊन बसलो आणि रात्रभर उगाच घोर.

पायरी ४: ट्रेन थांबली, आता आधी कारण शोधा

किती वेळ लागेल हे विचारून काही कळत नाही, का थांबलीय हे विचारलं तर बरंच कळतं. डब्यातल्या अटेंडंटला फार माहिती नसते, कंडक्टरकडे रेडिओ असतो, तो दिसला की त्याला विचारा, आणि नीट विचारा, आवाज चढवून नाही, तोही रात्रभर जागाच आहे.

हे रूळ ॲमट्रॅकचे नाहीत, जवळपास सगळा रस्ता सीएसएक्स या मालवाहतूक कंपनीचा आहे आणि कुठली ट्रेन कधी सोडायची हे त्यांचे लोक ठरवतात. कायद्याने प्रवासी ट्रेनला आधी जाऊ द्यायचं असतं पण आता मालगाड्या एवढ्या लांब झाल्यात की बाजूच्या लूप लाइनमधे मावतच नाहीत, मग आपल्यालाच बाजूला उभं राहावं लागतं, त्यात आपली ट्रेन पण काही छोटी नाही, पाऊण मैलाच्या आसपास असते. हे कारण असेल तर अर्धा तास, पाऊण तास, बसून राहा.

उन्हाळ्यात दुपारी रूळ तापून वाकायची भीती असते म्हणून वेग कमी करायला लावतात. हे थोतांड नाही, २००२ च्या एप्रिलमधे फ्लोरिडात क्रेसेंट सिटीजवळ हीच ऑटो ट्रेन अशाच वाकलेल्या रुळावरून घसरली होती आणि चार प्रवासी गेले. तेव्हा ट्रेन हळू चाललीय म्हणून कुरकुर करू नका.

फाटकावर कुणाला धडक बसली असेल तर पोलिसांचं काम संपेपर्यंत हलत नाही, दोन-तीन तास धरून चाला. इंजिन बिघडलं तर मालगाडीचं इंजिन लावून ओढतात पण त्या इंजिनातून डब्यांना वीज मिळत नाही, म्हणजे ट्रेन हलली म्हणून एसी आणि दिवे चालू होतीलच असं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे पुढे कुठेतरी मालगाडी घसरलीय हे कारण. २०२३ च्या जानेवारीत हेच झालं. ९ जानेवारीला संध्याकाळी लॉर्टनहून निघालेली ५३, साउथ कॅरोलायनात पुढे मालगाडी घसरल्यामुळे दुसऱ्या मार्गाने वळवली, त्यात वेळ गेला आणि कर्मचाऱ्यांचे तास संपले. इंजिन ड्रायव्हर आणि कंडक्टरला कायद्याने सलग बारा तासांच्या वर काम करता येत नाही, बारा तास भरले की ट्रेन जिथे असेल तिथे उभी, मग बदली माणसं रस्त्याने आणावी लागतात. सतरा तासांच्या प्रवासाला सदतीस तास लागले. आत ५०० च्या वर माणसं होती. काहींनी आम्हाला ओलीस ठेवलंय म्हणून पोलिसांना फोन केले आणि शेवटी कंडक्टरला स्पीकरवर सांगावं लागलं की बाबांनो आम्ही कुणाला ओलीस ठेवलेलं नाही.

म्हणून लेट चार-पाच तासांच्या पुढे गेला की एकच प्रश्न विचारा: तुमचे तास किती उरलेत आणि बदली माणसं कुठपर्यंत आलीत? याचं उत्तर मिळालं की पुढचा अंदाज तुमचा तुम्हाला बांधता येतो. ॲपमधली पोचायची वेळ मात्र मनावर घेऊ नका, ती पुढे काहीच अडचण येणार नाही असं धरून दाखवते, म्हणून दर तासाला एक तास पुढे सरकत राहते.

पायरी ५: आत बसून राहणं

बहुतेक टॉयलेट खालच्या मजल्यावर असतात, पाणी टाकीतलं असतं आणि टाकीला तळ असतो. तास वाढायला लागले की लवकर लवकर जाऊन या, नंतरसाठी ठेवू नका, आणि ओले वाइप्स त्यात टाकू नका, एक तुंबलं की डब्यातल्या बाकीच्यांवर रांग लागते. कॅफे डब्यात लगेच जा, घोषणा झाल्यावर अख्खी ट्रेन तिथे येते.

हॉटेलला फोन करून उशिरा येणार हे सांगा, नाहीतर न आलेले समजून खोली दुसऱ्याला देतात. हे मी नेहमी पहिल्या तासातच करतो कारण नंतर मोबाइलला रेंज असेलच असं नाही, जॉर्जियात बरेच पट्टे कोरडे आहेत. ॲमट्रॅकचा नंबर ८००-८७२-७२४५ आहे, मशीन बोलायला लागलं की "एजंट" म्हणत राहा, पण खरं सांगू का, फोनवरच्या माणसाला कंडक्टरपेक्षा जास्त माहिती नसते.

दार स्वतः उघडून खाली उतरू नका. ट्रेन उभी आहे म्हणून बाजूचा रूळ पण झोपलाय असं नसतं.

कुणाची तब्येत बिघडली तर ९११ च्या आधी कंडक्टरला गाठा, कारण तुम्ही कुठे आहात हे तुम्हालाच सांगता येणार नाही, तो मैलाचा आकडा सांगून पुढच्या फाटकावर अँब्युलन्स बोलावू शकतो. अशा वेळी आजारी माणूस आणि सोबत एक जण उतरतो, कार मात्र शेवटच्या स्टेशनलाच जाते, ती ताब्यात कुणी आणि कशी घ्यायची हे उतरायच्या आधीच विचारून ठेवा. म्हणून कारचा नंबर असलेली पावती दोघांपैकी कोणाकडे आहे ते माहीत हवं.

पायरी ६: पोचलात, पण संपलं नाही

ट्रेन थांबली की लगेच कार मिळत नाही. कारचे डबे सोडवून वेगवेगळ्या रॅम्पला लावतात आणि एकेक कार बाहेर येते, तुमचा नंबर कधी लागेल याचा आणि तुम्ही किती लवकर कार दिली होती याचा काही संबंध नाही, सकाळी साडेअकराला पहिले आलेले लोक शेवटी सुटलेले मी पाहिलेत. एक तास धरा. जास्तीचे पैसे देऊन लवकर कार मिळायची सोय असते, थोड्याच कारना, ती बुकिंगच्या वेळीच घेऊन ठेवा.

कार आली की निघायच्या घाईत न बघता बसू नका. चारी बाजूंनी फिरा, रात्र असेल तर टॉर्च लावून, ओरखडा-पोचा दिसला तर तिथल्या तिथे खिडकीवर सांगा, कारण स्टेशनाबाहेर गेल्यावर तक्रार घेत नाहीत. सुरुवातीला काढलेला व्हिडिओ त्यांच्याकडे असतोच, तुमचाही मोबाइलवर असू द्या.

तीस तास नीट झोप नसेल तर लगेच हायवेला लागू नका. सॅनफर्डच्या आसपास हॉटेलं भरपूर आहेत.

पैशांचं

युरोपात ट्रेन इतकी लेट झाली तर इतके टक्के परत असा कायदा आहे, अमेरिकेत तसं काही नाही. ॲमट्रॅकच्या कस्टमर रिलेशन्सला फोन करावा लागतो, आणि ते बहुतेक वेळा रोख न देता पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देतात, किती ते त्यांच्या मनावर. रिझर्वेशन नंबर, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष पोचल्याची वेळ, आणि तुमचा नेमका काय खर्च झाला, एवढंच सांगा. रागाने पाऊण तास बोलून व्हाउचर वाढत नाही. खोलीच्या तिकिटावर सीटपेक्षा जास्त मिळायला हवं हे मात्र ठामपणे म्हणा.

आणि क्रेडिट कार्ड बघा, हे बहुतेक जण विसरतात. बऱ्याच प्रवासी कार्डांवर उशिराचा विमा असतो आणि त्यात विमानासारखीच ट्रेन पण धरतात, तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असलं पाहिजे, काही कार्डांना ६ तासांचा उशीर लागतो काहींना १२. हॉटेल आणि जेवणाच्या पावत्या ठेवा, आणि ट्रेन किती लेट होती आणि का, हे ॲमट्रॅककडून लेखी मागा. हे लेखी मिळायला थोडे दिवस लागतात आणि कार्डवाल्यांची क्लेम करायची मुदत तेवढ्यात चालू झालेली असते, म्हणून घरी पोचल्यावर सामान उघडायच्या आधी तो एक ईमेल टाकून द्या.